मीटिंग-रूममधल्या कॅमेऱ्याचं घराणं

भोपाळमध्ये सरकारी माणसाला दुपारी फोन लावला आणि त्याने उचलला नाही, तर तो बहुधा वीसीत, म्हणजे व्हिडिओ कॉन्फरन्समध्ये असतो. वल्लभ भवन या मंत्रालयातून जिल्ह्याजिल्ह्यांच्या कलेक्टरांना एकाच पडद्यावर हजर करायचं, ‘समाधान ऑनलाइन’मध्ये तक्रारदाराला त्याच्याच जिल्ह्यातून मुख्यमंत्र्यांशी बोलतं करायचं, हे इथे इतकं अंगवळणी पडलंय की त्याचं कुणाला अप्रूप राहिलेलं नाही. 2020नंतर हीच सवय एमपी नगरातल्या सीए, बिल्डर, सॉफ्टवेअरवाल्यांच्या ऑफिसांत शिरली. भिंतीवर मोठा टीव्ही लागला आणि प्रश्न उभा राहिला: कॅमेरा कोणता घ्यायचा? दुकानदार डोळे मिटून ‘फोर-के’ म्हणतो. स्थळ पाहताना आपण कुळ विचारतो. इथेही आधी ते विचारलं, तर निम्मे घोळ होत नाहीत.

कारण हे कॅमेरे एका घरातले नाहीत. एक घराणं टेलिफोनचं, दुसरं स्टुडिओचं.

टेलिफोनवाल्यांनी अमेरिकेत 1964च्या न्यूयॉर्क विश्वमेळ्यात पिक्चरफोन मांडला. चित्र काळंपांढरं, पडदा वीतभर, समोर एकच माणूस. त्याच वर्षी न्यूयॉर्क, शिकागो आणि वॉशिंग्टनमध्ये पिक्चरफोनची बूथं उघडली. तीन मिनिटांचे 16 डॉलरपासून पुढे पडत. 1970मध्ये पिट्सबर्गच्या कंपन्यांना तो महिना 160 डॉलरने भाड्याने मिळू लागला. एवढं करून तो आपटला. पैसा हे कारण होतंच, पण फोनवर बोलताना आपण दिसावं अशी बहुतेकांची इच्छाच नव्हती. या घराण्याने मात्र जगाला एक मोठी चीज दिली. पिक्चरफोन बनवणाऱ्या बेल लॅब्स या टेलिफोनवाल्यांच्या प्रयोगशाळेत 1969 साली विलार्ड बॉइल आणि जॉर्ज स्मिथ यांनी सीसीडी हा प्रकाश टिपणारा तुकडा कागदावर उतरवला. त्याला नोबेल मिळालं ते थेट 2009मध्ये. पुढे 1994मध्ये कनेक्टिक्स कंपनीने शंभर डॉलरच्या आसपास क्विककॅम नावाचा चेंडूएवढा कॅमेरा काढला. त्यात राखाडीच्या 16 छटा, रुंदीला 320 ठिपके. 1998मध्ये तो धंदा लॉजिटेकने विकत घेतला. आज लॅपटॉपवर चिमटा लावून बसतो तो वेबकॅम याच वंशातला. त्याची नजर हातभर अंतरावरच्या एका चेहऱ्याची आहे, आणि ती त्याच्या रक्तातच आहे.

स्टुडिओच्या घराण्यात कॅमेरा मान वळवतो, झूम करतो, खोली धुंडाळतो. 1990च्या दशकात सोनीचा ईव्हीआय-डी30 आला तो याच कामासाठी. बारा पट ऑप्टिकल झूम, डावीउजवीकडे शंभर-शंभर अंश वळणारी मान. त्याला हुकूम देण्यासाठी सोनीने ठरवलेली ‘व्हिस्का’ भाषा आजच्या पीटीझेड (पॅन-टिल्ट-झूम) कॅमेऱ्यांनाही कळते. तीस वर्षं टिकलेली अशी गोष्ट या धंद्यात विरळाच.

पण दोन्ही घराणी वर्षानुवर्षं अडली ती काचेपायी नव्हे, तारेपायी. चित्र टिपणं सोपं होतं, ते पाठवणं महाग होतं. ही गाठ सोडवण्यात एक भारतीय डोकं आहे. बंगळुरूत 1940 साली जन्मलेले नासिर अहमद अमेरिकेत कॅन्सस स्टेट विद्यापीठात शिकवत होते. 1972मध्ये त्यांनी चित्र आवळण्याच्या एका गणिती रीतीसाठी अनुदान मागितलं, ते नाकारलं गेलं. तरीही टी. नटराजन आणि के. आर. राव यांच्याबरोबर त्यांनी ते काम पुरं केलं आणि 1974च्या जानेवारीत छापलं. डिस्क्रीट कोसाइन ट्रान्सफॉर्म ती हीच. डोळ्याला फारसा न जाणवणारा तपशील वेगळा काढायचा आणि तो गाळून बाकीचं पाठवायचं, असा तिचा ढोबळ अर्थ. व्हिडिओ कॉन्फरन्सिंगचं पहिलं चालतं मानक, एच.261, याच गणितावर उभं राहिलं. त्यातलं चित्र होतं 352 गुणिले 288 ठिपक्यांचं, आणि ते 64 किलोबिटच्या आयएसडीएन (डिजिटल टेलिफोन) वाहिन्या जोडून धाडायचं. सहा वाहिन्या जोडल्या, म्हणजे 384 किलोबिट मिळाले, की लोक खूश असत.

मध्य प्रदेशात हे सगळं पोचलं ते उलट्या वाटेने. 1 नोव्हेंबर 1996 रोजी इस्रोने झाबुआ जिल्ह्यात विकास-संवादाचा प्रकल्प सुरू केला. तेव्हा अलीराजपूरही झाबुआतच होतं. दीडशे गावांत उपग्रहावरून कार्यक्रम दिसे, आणि बारा विकासखंडांच्या मुख्यालयी उलट बोलण्याची सोय होती. शेती, पाणलोट, आरोग्य यांवरचे जाणकार अहमदाबादच्या स्टुडिओत बसत. खेड्यातला माणूस विचारी, त्याचा आवाज अहमदाबादला ऐकू जाई. तो मात्र दिसत नसे. चित्र एकाच बाजूने वाहत होतं, कारण झाबुआहून चित्र वर पाठवणं परवडणारं नव्हतं. योजना तिच्या काळाच्या मानाने धाडसीच होती, पण कॅमेरा साहेबांच्या बाजूला होता ही गोष्ट काही लपत नाही. कॅमेरा कुणाकडे, यावरून कुणाचं म्हणणं किती पोचतं ते ठरतं, आणि हे आजच्या मीटिंगलाही लागू आहे.

दिसणं किती मोलाचं, याचा निवाडा मात्र एका मुंबईच्या खटल्यात झाला. महाराष्ट्र राज्य विरुद्ध डॉ. प्रफुल्ल देसाई. न्यूयॉर्कचे डॉ. अर्नेस्ट ग्रीनबर्ग साक्ष द्यायला राजी होते, भारतात यायला नव्हते. खालच्या कोर्टाने व्हिडिओ कॉन्फरन्सिंगला परवानगी दिली, उच्च न्यायालयाने ती रद्द केली, आणि 1 एप्रिल 2003 रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की साक्ष आरोपीच्या ‘उपस्थितीत’ व्हावी याचा अर्थ देहानेच समोर असावं असा नाही. (मूळ खटल्यात डॉ. देसाई पुढे 2013 मध्ये निर्दोष ठरले.) आमच्या विषयाशी गाठ पडते ती निकालातल्या एका अटीशी: साक्ष देताना साक्षीदाराचे हावभाव आरोपीला आणि त्याच्या वकिलाला पाहता आले पाहिजेत. कॅमेरा कसा असावा याची इतकी नेमकी व्याख्या मी कुठल्या कंपनीच्या माहितीपत्रकात वाचलेली नाही.

आता ही अट एमपी नगरातल्या खोलीला लावून पाहा. खोली दहा बाय सोळा, टेबलाभोवती आठ खुर्च्या, एका टोकाला टीव्ही. कॅमेऱ्यापासून पहिल्या दोन खुर्च्या दोन फुटांवर, शेवटची चौदा फुटांवर. आडवी 90 अंश पाहणारी लेन्स अंतराच्या दुप्पट रुंदी पाहते. म्हणजे दोन फुटांवर तिला चारच फूट दिसतात, आणि टेबलाच्या दोन बाजूंना सहा-सात फुटांच्या फरकाने बसलेले पहिले दोघे चित्राबाहेर जातात. मग 120 अंशांची लेन्स घेतली. दोघेही आले. पण चौदा फुटांवर तीच लेन्स जवळजवळ 48 फूट रुंदी पाहते, त्यातली बरीचशी नुसती भिंत. शेवटच्या खुर्चीवरचा अर्ध्या फुटाचा चेहरा 1920 ठिपक्यांच्या चित्रात जेमतेम 20 ठिपके व्यापतो. हावभाव कसले, माणूस हसतोय की जांभई देतोय तेही कळणार नाही. आणि त्या खुर्चीवर बहुधा मालक बसलेला असतो.

फोर-केचा खरा उपयोग इथे. बहुतेक मीटिंगा 720 किंवा 1080 ओळींच्या वर चित्र पाठवतच नाहीत, त्यामुळे ‘जास्त स्वच्छ दिसेल’ ही समजूत पोकळ. पण 3840 ठिपक्यांतून बोलणाऱ्याभोवतीचा भाग कापून मोठा करता येतो, त्या 20चे 40 होतात. लहान खोलीला हे पुरतं. पंचवीस-तीस फुटी बोर्डरूमला पुरत नाही. तिथे स्टुडिओच्या घराण्यातला, खराखुरा ऑप्टिकल झूम असलेला पीटीझेडच हवा. ‘डिजिटल झूम 16 एक्स’ हे खोक्यावरचं वाक्य वाचून भुलू नये. तो झूम नव्हे, कातरकाम आहे.

कॅमेरा ठेवायचा कुठे, हेही लोक हातासरशी उरकतात. स्टॅनफर्डच्या मिल्टन चेन यांनी 2002मध्ये दाखवलं की माणूस कॅमेऱ्याच्या किंचित खाली पाहत असेल तर समोरच्याला तो डोळ्यांत डोळे घालून बोलतोय असंच वाटतं. तेवढीच नजर बाजूला किंवा वर गेली तर लगेच खटकतं. म्हणून कॅमेरा पडद्याच्या वरच्या कडेला चिकटून हवा. मात्र टीव्हीच सहा फूट उंचीवर टांगला असेल तर पलीकडच्यांना नुसती टकलं दिसतात. अशा वेळी कॅमेऱ्याला बोल लावू नका, टीव्ही खाली आणा.

आणि खिडकी. पश्चिमेकडच्या काचेला पाठ करून बसलेला माणूस दुपारी चारनंतर कुठल्याही कॅमेऱ्यात काळी सावलीच होतो. दहा हजारांनी महाग कॅमेरा घेण्यापेक्षा जाड पडदा आणि टेबलाची दिशा बदलणं स्वस्त पडतं. माइकबद्दल एवढंच: चित्र अडखळलं तर मीटिंग चालते, आवाज अडखळला तर थांबते. झाबुआत चित्राविनाही प्रश्न पोचले होते. म्हणून बजेटातला निदान अर्धा वाटा आवाजासाठी राखून ठेवा.

दुकानदाराकडून कॅमेरा एक दिवस मागून आणा. जो बाहेरून मीटिंगला बसणार आहे त्याला, त्याच्याच नेटवर, त्याच्याच लॅपटॉपवर तुमची खोली दाखवा, आणि शेवटच्या खुर्चीवरचा माणूस रागावलाय की हसतोय ते त्याला ओळखायला सांगा. ओळखलं, तर बिल करा.