कारखान्याचा वास: कोणता साधा, कोणता धोक्याचा

मिरचीचा हंगाम सुरू झाला की नागपूरच्या कळमना बाजाराजवळून जाणाऱ्यालाही ठसका लागतो. हा खरं तर वास नाहीच. मिरचीतल्या कॅप्सेसिनची बारीक धूळ नाकातोंडाला झोंबते. म्हणून हमाल तोंडाला दुपट्टा बांधून पोती उचलतात. फरसाणाच्या कारखान्याजवळ तळणीचा वास येतो. पाहुण्याला तो बरा वाटतो, रोजच्या माणसाला काही वेळाने येतही नाही. पण तेल फार तापलं, करपलं की त्यातून ॲक्रोलिन निघते आणि डोळे चुरचुरतात.

मौदा, रामटेक हा धानाचा पट्टा. उसना तांदूळ करायला धान आधी भिजवतात. थंड पाण्यात दोन-तीन दिवस ठेवलं की ते पाणी आंबते. गरम पाण्यात भिजवलं तर काही तासांत काम होते, वासही कमी. आंबलेलं पाणी तसंच नाल्यात सोडलं, की नाल्यातला प्राणवायू संपतो आणि पाणी काळं पडते. मग सडक्या अंड्यासारखा वास सुटतो. तो हायड्रोजन सल्फाइड वायूचा.

खरी भीती याच वायूची आहे. तो हवेपेक्षा जड, त्यामुळे टाकीत, गटारात, विहिरीसारख्या खोल जागी साचून राहते. प्रमाण वाढलं की नाक बधिर होते आणि वास येणंच बंद होते. माणसाला वाटते गॅस गेला, अन् तो खाली उतरते. त्याला काढायला दुसरा उतरला तर तोही पडते. कारखान्याच्या सांडपाण्याच्या टाकीत हवा तपासल्याशिवाय, दोर-पट्टा आणि हवेच्या नळीचा मास्क असल्याशिवाय कोणी उतरू नये, मुकादम काहीही म्हणो. साध्या कापडी मास्कने हा वायू अडत नाही.

वास पहाटे जास्त का? हिवाळ्यात जमिनीलगतची हवा थंड होऊन बसते, वास वर जात नाही. ऊन चढलं की तो पांगते. तपासणीला साहेब दुपारी आले तर त्यांना काहीच येत नाही. म्हणून तारीख, वेळ, वारा कुठून होता, हे रोज वहीत लिहावं आणि पहाटेच्याच तपासणीची मागणी करावी.

आपल्या कायद्यात वासाची आकड्यात मर्यादा नाही. सांडपाण्याची मात्र आहे. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संमतीपत्रात पाणी कसं शुद्ध करायचं, कुठं सोडायचं, याच्या अटी असतात. तेव्हा नुसतं "वास येते" लिहू नका, नाल्यातल्या पाण्याचा नमुना घ्या म्हणून मागणी करा. अर्ज मंडळाच्या नागपूर कार्यालयात, एक प्रत ग्रामपंचायतीला. उपद्रव थांबवण्याचा आदेश उपविभागीय दंडाधिकारीही देऊ शकतात, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 152 खाली. जुनं कलम 133 तेच. अर्जाची पोच घ्यायला विसरू नका.