एक रंग बदलला आणि फुलाचं गिऱ्हाईकच बदललं!

अमेरिकेत कॅलिफोर्नियाच्या सिएरा नेवाडा डोंगरात ओढ्याकाठी मंकीफ्लॉवरच्या दोन जाती उगवतात. एक फिकट गुलाबी, दुसरी लालभडक. दोघी अगदी जवळच्या नात्यातल्या. हरितगृहात माणसाने परागीभवन केलं, तर त्यांचा संकर सहज होतो. मग निसर्गात तो इतका दुर्मीळ का?

पहिलं कारण उंचीचं. गुलाबी जात बहुतेक उंचावर, तर लाल जात खालच्या भागात वाढते. पण मधल्या पट्ट्यात दोन्ही शेजारी फुलतात. तिथे खरं काम करतात परागवाहक.

गुलाबी फूल: मध थोडा, पण पाकळ्या पसरट. बम्बलबी या केसाळ, गुबगुबीत माशीला उतरायला ऐसपैस जागा.

लाल फूल: मध भरपूर, पाकळ्या मागे वळलेल्या, पुंकेसर बाहेर आलेले. हवेत तरंगत मध पिणाऱ्या हमिंगबर्डच्या कपाळाला पराग लागतात.

रंगाचं महत्त्व किती? ब्रॅडशॉ आणि शेम्स्की या संशोधकांनी पिवळं रंगद्रव्य ठरवणारा एकच जनुकीय भाग दोन्ही जातींत अदलाबदल केला. लाल फूल गडद गुलाबी झालं आणि त्यावर माश्यांच्या भेटी ७४ पट वाढल्या. गुलाबी फूल पिवळट नारिंगी झालं, तर हमिंगबर्डच्या भेटी ६८ पट वाढल्या. हे संशोधन २००३ मध्ये 'नेचर'मध्ये प्रसिद्ध झालं.

याचा अर्थ काय? नवी प्रजाती घडायला दरवेळी असंख्य छोटे बदल साठावे लागतातच असं नाही. एक मोठा बदलही पाहुणा बदलू शकतो, आणि पाहुणा बदलला की वाटा वेगळ्या होऊ लागतात.