करवंटी, तूस आणि पिण्याचे पाणी : टाकाऊ वस्तूंच्या गाळणीचा इतिहास

१/११
नारळ फोडल्यावर करवंटी उरते आणि भात सडल्यावर तूस. दोन्हींची गती बहुधा चुलीत किंवा भट्टीत. परंतु महाराष्ट्रातील अभियंत्यांनी व संशोधकांनी या दोन्ही वस्तूंकडून पिण्याचे पाणी गाळून घेतले. त्या प्रयत्नांचा हा मागोवा. #थ्रेड

२/११
१८२९ साली जेम्स सिम्पसन यांनी लंडनच्या चेल्सी येथे वाळूची संथ गाळणी उभारली. पुढे वेगवान गाळणी आली : तुरटीने गाळ खाली बसवायचा आणि उरलेले पाणी वाळूच्या थरातून न्यायचे. भारतातील शहरांनीही हीच पद्धत मोठ्या प्रमाणावर स्वीकारली.

३/११
या गाळणीत एक उणीव होती. ती धुण्यासाठी खालून वर पाणी सोडले की बारीक वाळू वर येते आणि जाड वाळू तळाशी राहते. परिणामी सगळा गाळ वरच्या काही इंचांतच अडकतो. खालचा थर जवळजवळ बिनकामाचा ठरतो आणि गाळणी लवकर तुंबते.

४/११
त्यावर उपाय असा : वाळूच्या वर जाड कणांचा, पण वजनाने हलका थर द्यायचा. धुतल्यानंतरही तो वरच राहतो. मोठा गाळ तो अडवतो, बारीक गाळ वाळू अडवते. पाश्चात्त्य देशांत यासाठी अँथ्रासाइट कोळसा वापरत. भारतात तो सहजी मिळत नव्हता.

५/११
महाराष्ट्रातील अभियंते जे. एन. कर्डिले यांनी १९७०च्या दशकाच्या आरंभी त्याला पर्याय शोधला : भरडलेली करवंटी. वाळूचे विशिष्ट गुरुत्व सुमारे २.६५, तर करवंटीचे सुमारे १.४. करवंटी कठीण असते, सहजासहजी झिजत नाही आणि स्वस्तात मिळते. कोळशाची जागा घेण्यास एवढे गुण पुरेसे होते.

६/११
१९७३ साली नागपूर जिल्ह्यातील रामटेक येथे या तत्त्वावर दिवसाला २४ लाख लिटर क्षमतेचे केंद्र उभे राहिले. तेथील पाणी फारसे गढूळ नसे. त्यामुळे तुरटी मिसळलेले पाणी आधी खडीच्या थरातून नेऊन मग करवंटी व वाळूच्या गाळणीवर सोडणे पुरेसे ठरले.

७/११
नदीच्या गढूळ पाण्याची परीक्षा अधिक कठीण होती. जळगाव जिल्ह्यातील वरणगाव (१९७७) आणि नाशिक जिल्ह्यातील चांदोरी (१९८०) येथे गाळ बसवण्यासाठी तिरक्या नळ्यांची जोड देण्यात आली. लहान गावांना परवडेल अशा केंद्रांचे नमुने म्हणून ही तिन्ही नावे जलशुद्धीकरणावरील आंतरराष्ट्रीय ग्रंथांत पोहोचली.

८/११
दुसरा धागा पुण्याचा. १९८१ साली स्थापन झालेल्या टाटा संशोधन, विकास व आरेखन केंद्रात भाताच्या तुसाच्या राखेवर काम झाले. ही राख मुख्यतः सिलिकाची आणि अतिशय सच्छिद्र असते. राख, सिमेंट व खडे यांपासून ‘सुजल’ नावाची घरगुती गाळणी तयार झाली. २००४च्या त्सुनामीनंतर मदतकार्यात ती वापरली गेली.

९/११
तिचाच पुढचा अवतार म्हणजे ‘टाटा स्वच्छ’. डिसेंबर २००९ मध्ये मुंबईत त्याचे अनावरण झाले. आरंभीची किंमत ७४९ रुपयांपासून. राखेवर चांदीचे अतिसूक्ष्म कण बसवून जंतूंचा बंदोबस्त केला होता. वीज नको, नळजोडणी नको. एक गाळणसंच सुमारे ३,००० लिटर पाण्यासाठी होता.

१०/११
मर्यादाही जाणून घ्यायला हव्यात. बीड जिल्ह्यातील कपिलधार घ्या. डोंगरातला धबधबा, मन्मथस्वामींची समाधी, कार्तिक पौर्णिमेची यात्रा. पावसाळ्यातले ओढ्याचे गढूळ पाणी करवंटीची गाळणी निवळवू शकते. पण ते पाणी निर्जंतुक होत नाही, क्लोरीन लागतेच. शिवाय बीड जिल्ह्याच्या काही भागांत भूजलात फ्लोराइड अधिक आढळते. ते पाण्यात विरघळलेले असल्याने अशा गाळणीत अडकत नाही.

११/११
म्हणून पाण्यात नेमका दोष कोणता, हे तपासून मगच गाळणी निवडावी लागते. रामटेक, वरणगाव आणि पुणे येथील प्रयोग टिकले ते वस्तू फुकटची होती म्हणून नव्हे. तिचे वजन, कणांचा आकार आणि सच्छिद्रता मोजून तिला नेमके काम दिले गेले होते. तीर्थक्षेत्री साचणाऱ्या करवंट्यांच्या ढिगाकडे आणि गिरणीमागच्या राखेकडे या दृष्टीने पाहणारा अभियंता आजही हवा आहे.
(समाप्त)