टबाकाठची फट

स्मरणिकेसाठी सोसायटीचा इतिहास लिहा, असं चिटणीसांनी सांगितलं. नोंदणी, कन्व्हेयन्स, लिफ्ट यांवर इतर मंडळी लिहिणारच आहेत. मी गळतीवर लिहितो, कारण २५ वर्षांत कमिटीच्या सभांचा सर्वांत जास्त वेळ तिनेच खाल्ला!

पूर्वी वाड्यात न्हाणीघर तळमजल्यावर असे. दगडी फरशी आणि सांध्यात चुना. बैल जुंपलेल्या घाणीत मळलेल्या चुन्यात विटांची भुकटी, म्हणजे सुरखी, घातली की तो ओलाव्यातही घट्ट होई. थोडंफार झिरपलं तर जमिनीत मुरे. खाली कुणाचं छत नव्हतं, त्यामुळे भांडणही नव्हतं. १८२४ साली इंग्लंडमधल्या लीड्सच्या जोसेफ अ‍ॅस्पडिन या गवंड्याने पोर्टलंड सिमेंटचं पेटंट घेतलं. पुढे सिमेंट आपल्याकडेही आलं, मजल्यांवर मजले चढले आणि एकाची मोरी दुसऱ्याच्या डोक्यावर आली.

आमच्या फ्लॅटमध्ये बिल्डरने टब बसवून दिला होता. टब आणि टाइल यांमधल्या फटीत पांढरं सिमेंट. वर्षभरात तिथे केसासारखी चीर पडली आणि खालच्या नानांच्या छताला डाग उमटला. मी तीनदा सिमेंट भरून घेतलं, तिन्ही वेळा चीर पडली. नाना म्हणाले, "बँकेत एवढे हिशेब केलेत, एक फट बुजवता येईना?" मला राग आला. आठ महिने जिन्यात समोरासमोर येऊनही आम्ही बोललो नाही.

शेवटी एका म्हाताऱ्या मिस्त्रीने कारण सांगितलं. "साहेब, टब भरला की खाली दबतो. भिंत जागची हलत नाही. कडक सिमेंट तुटणारच." दोनशे लिटर पाणी म्हणजे दोनशे किलो, वर माणसाचं वजन. साधा हिशेब, पण मी मांडलाच नव्हता.

इथे ताण घेणारं काहीतरी हवं, म्हणजे सिलिकोन. हे नाव विसाव्या शतकाच्या सुरुवातीला नॉटिंगहॅमच्या फ्रेडरिक किपिंग यांनी दिलं. त्यातून काही उपयोगाचं निघेल असं त्यांना स्वतःला फारसं वाटत नव्हतं. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत त्याचं उत्पादन सुरू झालं आणि १९६९ साली आर्मस्ट्राँग चंद्रावर उतरले, तेव्हा त्यांच्या बुटांचे तळवे सिलिकोन रबराचे होते.

मिस्त्रीने जुनं सिमेंट खरवडलं, फट दोन दिवस वाळू दिली, मग टब काठोकाठ भरला. वजनाने फट पूर्ण उघडली, तेव्हा कुठे त्याने सिलिकोन भरलं. व्हिनेगरसारखा आंबट वास घरभर पसरला. चोवीस तासांनी पाणी सोडलं.

महिन्याने नाना स्वतः वर आले. "डाग वाळला हो," म्हणाले आणि चहा घेऊन गेले.

सिलिकोनही जन्मभर टिकत नाही. काळं पडलं, कडेने सुटलं की काढून नवं भरावं लागतं. आम्ही एकदा बदललंय. नाना आता नाहीत. त्यांच्या मुलाला मी सांगून ठेवलंय, डाग दिसला तर कमिटीला पत्र लिहिण्याआधी वर येऊन बेल वाजव.