धोतऱ्याचा धूर

१८०२ साली जनरल जेंट नावाचे एक लष्करी अधिकारी मद्रासहून ब्रिटनला आले. येताना त्यांनी वाळवलेला धोतरा आणला होता. एडिंबरोच्या डॉ. सिम्स यांना त्यांनी तो दिला आणि वापरायची रीत सांगितली : दम्याची उबळ आली की हा तंबाखूसारखा ओढायचा. मद्रास इलाख्याचे प्रमुख डॉक्टर जेम्स अँडरसन आपल्या रोग्यांना हेच सांगतात, असा त्यांचा हवाला होता. युरोपातल्या दम्याच्या इतिहासाचा एक मोठा अध्याय या चिमूटभर धोतऱ्यापासून सुरू होतो.

अँडरसन स्कॉटलंडचे. आयुष्याची चाळीसहून अधिक वर्षे त्यांनी मद्रासमध्ये काढली. वैद्यकापेक्षाही त्यांना वनस्पतींचा नाद अधिक. किरमिजी रंग देणाऱ्या किड्यांसाठी त्यांनी सैदापेटला निवडुंगाची बाग लाववली, रेशमासाठी तुतीची लागवड केली. १८०९ साली ते तिथेच वारले. चेन्नईच्या सेंट जॉर्ज कॅथेड्रलमध्ये चँट्री या नामवंत शिल्पकाराने घडवलेला त्यांचा संगमरवरी पुतळा आहे आणि नुंगंबाक्कममधल्या रस्त्याला त्यांचे नाव आहे. मात्र त्यांना धोतरा ओढण्याची युक्ती ज्याने दाखवली, तो वैद्य, माळी, शिपाई की एखादा दमेकरी, त्याचे नाव या कथेत कुठेच येत नाही.

धूर घेऊन श्वास मोकळा करण्याची कल्पना इथे जुनीच होती. चरकसंहितेत श्वासाचे पाच प्रकार सांगितले आहेत. त्यांतला ‘तमक’ आजच्या दम्याच्या सर्वांत जवळचा : आभाळ भरून आले, पाऊस पडला, गार वारा सुटला की वाढणारा, रोग्याला आडवे होऊ न देणारा, उठून बसल्यावर थोडा उतार देणारा. ज्याने दमेकऱ्याच्या उशाशी रात्र काढली आहे, त्याला हे वर्णन नव्याने समजावून सांगावे लागत नाही. त्याच अध्यायात हळद, एरंडमूळ, देवदार वगैरेंची वात करून तिचा धूर घ्यायला सांगितले आहे. तिथे धोतरा नाही. तो नंतरच्या ग्रंथांत येतो. कनकासव या श्वासावरच्या प्रसिद्ध औषधातले ‘कनक’ म्हणजे धोतराच. पण शास्त्राने त्याची गणना उपविषांत केली आणि पोटात देण्याआधी बिया दुधात शिजवून शुद्ध करण्याची अट घातली. शंकराला वाहायचे फूल आणि वाटसरूंना बेशुद्ध करून लुटणाऱ्यांचे हत्यार, ही एकाच झाडाची दोन रूपे आपल्याकडे सर्वांना ठाऊक होती.

युरोपात धूर पोचला, ही सावधगिरी पोचली नाही. हिंदुस्थानातला धोतरा मिळेनासा झाल्यावर तिथे उगवणारी त्याची भावकी, म्हणजे स्ट्रॅमोनियम, वापरात आली. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून दम्याच्या सिगारेटी आणि जाळून हुंगायच्या पुडी घरोघरी गेल्या. अमेरिकेत हिमरॉड, इंग्लंडमध्ये पॉटर, फ्रान्समध्ये एस्पिक ही नावे घरगुती झाली. लहानपणापासून दम्याने गांजलेले कादंबरीकार मार्सेल प्रूस्त एस्पिकच्याच सिगारेटी ओढत. आराम पडे हे खरे. पण त्यासोबत तोंडाला कोरड, विस्फारलेल्या बाहुल्या, धडधड आणि मात्रा चुकली तर भ्रम, असा हिशेबही चुकवावा लागे. पानागणिक विषाचे प्रमाण बदलते. धूर मोजून घेता येत नाही. म्हणूनच घरी धोतरा ओढण्याचा प्रयोग तेव्हा धोक्याचा होता आणि आजही आहे.

आराम का पडतो, हे पुढे उलगडले. श्वासनलिकांभोवतीचे स्नायू आवळण्याचा निरोप ॲसिटिलकोलीन हे द्रव्य पोचवते. धोतऱ्यातले ॲट्रोपीन आणि त्याच्या जातीची द्रव्ये तो निरोप वाटेतच अडवतात. १८३० च्या दशकात जर्मनीत ॲट्रोपीन वेगळे काढले गेले. १९७० च्या दशकात त्याच्याच रेणूत फेरफार करून इप्राट्रोपियम आले. ते फुप्फुसात काम करते, मेंदूत सहसा शिरत नाही. तीव्र दम्याच्या रोग्याला इस्पितळात नेब्युलायझरवर ठेवतात, तेव्हा इतर औषधांबरोबर पुष्कळदा हेही असते. त्या वाफेत मद्रासच्या चिलमीचा दूरचा वारसा आहे.

अँडरसन मद्रासमध्ये असतानाच एक मराठी राजपुत्र तिथे शिकत होता. तंजावरच्या गादीच्या वादात जिवाला धोका नको म्हणून १७९३ साली सरफोजींना मद्रासला हलवले गेले. वेपेरीच्या मिशनमधले गेरिके त्यांना शिकवत. १७९८ साली गादीवर बसल्यावर त्यांनी तंजावरात धन्वंतरी महाल उभारला. तिथे वैद्य, हकीम, सिद्ध परंपरेचे जाणकार आणि युरोपीय पद्धतीचे डॉक्टर यांना एकत्र आणले. गुण आलेले योग नोंदवून ठेवले गेले आणि ‘शरभेंद्र वैद्य मुरैगळ’ या नावाने रोगवार तमिळ पद्यात बांधले गेले. राजा मराठी, दप्तर मोडीत, औषधी पद्ये तमिळमध्ये. एडिंबरोला पोचलेल्या चिमटीपेक्षा हा संग्रह कितीतरी मोठा होता. पण तो सरस्वती महालात राहिला आणि जगाच्या औषधकोशात अँडरसन यांचे नाव गेले. ज्ञान जहाजावर चढले की नाही, यावर श्रेय ठरले.

श्रेयाचा हा तोल थोडासा सावरणारा माणूसही मद्रासचाच निघाला. ट्रिप्लिकेनच्या दवाखान्यात काम करणारे डॉ. मोहिदीन शरीफ यांनी १८६९ मध्ये ‘फार्माकोपिया ऑफ इंडिया’ला पुरवणी लिहिली. एकेका वनस्पतीला दखनी, तमिळ, तेलुगू, मल्याळम, कानडी, मराठी, गुजराती, बंगाली अशा भाषांत काय म्हणतात, ते त्यांनी कसून जमवले. डॉक्टरने इंग्रजीत लिहिलेले आणि बाजारातल्या काष्ठौषधीवाल्याने पुडीत बांधलेले औषध एकच असावे, हा त्यामागचा रोकडा हेतू. शब्द चुकला तर विष हाती येई. भाषांतर इथे रोग्याच्या प्राणाशी बांधलेले होते.

माणसांची नावे गेली, तरी झाडांनी आपली नावे सोडली नाहीत. ‘धत्तूर’ लॅटिनमध्ये ‘दातुरा’ झाला. खोकल्या-दम्यावर आपण ज्याचा काढा करतो, त्या अडुळशाला तमिळमध्ये ‘आडातोडै’ म्हणतात : शेळीही तोंड लावत नाही असे पान. लिनियसने १७५३ साली तोच शब्द ‘आधातोडा’ म्हणून शास्त्रीय नावात घेतला. अडुळशातल्या व्हॅसिसीनवरूनच पुढे कफ पातळ करणारे ब्रोमहेक्सीन घडवले गेले. त्या शास्त्रीय नावात कुणा तरी तमिळ शेळीवाल्याचे निरीक्षण जसेच्या तसे शिल्लक आहे. त्याचे नाव विचारायचे मात्र कुणाला सुचले नाही.