बोरसीहून कॅराव्हॅनने एक दिवस : पोलादनगरीभोवतीची चार स्थळे

भिलाई : राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ५३ ने विदर्भातून छत्तीसगडमध्ये येणारे बहुतेक पर्यटक दुर्ग-भिलाई मागे टाकून थेट रायपूर गाठतात. मात्र नागपूरपासून सुमारे अडीचशे किलोमीटरवरील या जुळ्या शहरांच्या परिसरात मध्ययुगीन मंदिर, प्राणिसंग्रहालय, जैन तीर्थ आणि एका मोठ्या कवीचे स्मारक आहे. बोरसी येथून सकाळी निघाल्यास ही चारही स्थळे एका दिवसात पाहून परतीच्या मार्गावरील राजनांदगाव गाठता येते.

झोपण्याची, स्वयंपाकाची आणि स्वच्छतागृहाची सोय असलेल्या कॅराव्हॅनचा पर्याय आता मराठी पर्यटकांनाही परिचित होत आहे. महाराष्ट्राने २०२१ मध्ये त्यासाठी स्वतंत्र धोरण आखले. मात्र घर चाकांवर असले, तरी रात्रीच्या मुक्कामाचा प्रश्न संपत नाही. सुरक्षित जागा, पिण्याचे पाणी, वीजजोडणी आणि सांडपाण्याची विल्हेवाट यांची खात्री करावीच लागते. त्यामुळे राजनांदगावचा मुक्काम आधी निश्चित करावा आणि त्यानुसार दिवसाचे वेळापत्रक आखावे.

देवबलोदा

सकाळचा पहिला थांबा भिलाई-३ जवळील देवबलोदा येथे घ्यावा. कलचुरी काळातील येथील शिवमंदिर तेराव्या शतकातील मानले जाते. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाच्या संरक्षणाखालील या मंदिराचे शिखर अपूर्ण आहे. बाह्य भिंतींवर शिल्पांच्या रांगा असून शेजारी कुंड आहे. शिखर अपुरे का राहिले, याविषयी परिसरात आख्यायिका सांगितल्या जातात. महाशिवरात्रीला येथे जत्रा भरते; त्या दिवशी मोठे वाहन नेणे टाळावे. गाव लोहमार्गालगत असल्याने भुयारी मार्गाची उंची पाहूनच वाहन पुढे न्यावे.

मैत्रीबाग

भिलाई पोलाद कारखान्यासाठी भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यात फेब्रुवारी १९५५ मध्ये करार झाला. तत्कालीन राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांनी ४ फेब्रुवारी १९५९ रोजी पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन केले. दल्ली-राजहराच्या खाणींतील लोहखनिजावर उभ्या राहिलेल्या या कारखान्यात भारतीय रेल्वेचे रूळ तयार होतात. पूर्वपरवानगीशिवाय कारखान्यात प्रवेश मिळत नाही. मात्र दोन देशांच्या मैत्रीची आठवण म्हणून कारखान्याने विकसित केलेली मैत्रीबाग पर्यटकांसाठी खुली असते. येथील प्राणिसंग्रहालय पांढऱ्या वाघांसाठी प्रसिद्ध आहे. उन्हे चढली की प्राणी सावलीला जातात, त्यामुळे दुपारपूर्वीच येथे पोहोचणे इष्ट.

नगपुरा

दुपारचे भोजन वाहनातच उरकून दुर्गपासून सुमारे १४ किलोमीटरवरील नगपुरा गाठावे. शिवनाथ नदीच्या परिसरातील हे गाव तेविसावे तीर्थंकर पार्श्वनाथ यांच्या ‘उवसग्गहरं पार्श्व तीर्था’मुळे देशभरातील जैन भाविकांना परिचित आहे. महाराष्ट्र-छत्तीसगड सीमेलगतच्या डोंगराळ भागातून येणारी शिवनाथ पुढे महानदीला मिळते. तीर्थाच्या आवारात मांसाहार, चामड्याच्या वस्तू आणि छायाचित्रण यांबाबतचे नियम प्रवेशद्वाराशीच विचारून घ्यावेत.

राजनांदगाव

दुर्गच्या पश्चिमेला सुमारे ३० किलोमीटरवर राजनांदगाव आहे. येथील दिग्विजय महाविद्यालयात हिंदीचे ख्यातनाम कवी गजानन माधव मुक्तिबोध १९५८ पासून अध्यापन करीत होते. १९६४ मध्ये त्यांचे निधन झाले. मुक्तिबोध मराठीभाषक कुटुंबातील. त्यांचे बंधू शरच्चंद्र मुक्तिबोध मराठीतील मान्यवर कवी व समीक्षक होते. संस्थानकाळातील राजवाड्याच्या आणि तलावांच्या या परिसरातील त्रिवेणी संग्रहालयात मुक्तिबोध, पदुमलाल पुन्नालाल बख्शी आणि बलदेवप्रसाद मिश्र या तीन साहित्यिकांच्या स्मृती जतन करण्यात आल्या आहेत. संग्रहालय बंद होण्यापूर्वी पोहोचायचे असल्यास नगपुऱ्यातील थांबा आटोपशीर ठेवावा लागतो.

प्रवासापूर्वी

ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा काळ या प्रवासासाठी सोयीचा. उन्हाळ्यात उभ्या वाहनात थांबणे त्रासदायक ठरते, तर पावसाळ्यात गावांकडील कच्च्या कडांवर जड वाहन रुतण्याची शक्यता असते. मैत्रीबाग व संग्रहालय यांच्या वेळा आणि साप्ताहिक सुटी आदल्या दिवशी विचारून घ्यावी. पाण्याची टाकी बोरसीतच भरावी. सांडपाणी नदीकाठी किंवा कुंडाजवळ सोडू नये. मुक्कामासाठी वाहनतळ असलेले हॉटेल किंवा धर्मशाळा यांची परवानगी आधीच मिळवावी. दुसऱ्या दिवशी वेळ असल्यास डोंगरगडच्या बमलेश्वरी देवीचे दर्शन घेऊन नागपूरकडे परतता येते. तेथील टेकडीवर जाण्यासाठी पायऱ्यांबरोबरच रोपवेची सोय आहे.