परक्या हाताची भर : लिनक्स डेस्कटॉपवरील एक्स्टेन्शन्सचा इतिहास

लिनक्सच्या डेस्कटॉपवर एखादे ॲप्लिकेशन चालता चालता कोसळले, की जाणकाराचा पहिला प्रश्न बहुधा ठरलेला असतो : एक्स्टेन्शन्स कोणकोणती घातली आहेत? हा प्रश्न निव्वळ तांत्रिक आहे, असे आम्हांला वाटत नाही. मूळ कर्त्याच्या रचनेत परक्या हाताने किती भर घालावी, आणि त्या भरीमुळे सगळी रचनाच ढासळली तर दोष कुणाच्या पदरी टाकावा, हा जुना वाद त्यामागे आहे. मराठीच्या अभ्यासकाला तो अपरिचित नाही. शके १५०६ मध्ये एकनाथांनी ज्ञानेश्वरीची पाठशुद्धी केली, तेव्हा पुढे कुणी तीत आपली ओवी मिसळू नये, असेही बजावून ठेवले. मुक्त सॉफ्टवेअरने नेमकी उलट वाट धरली : ज्याला हवी त्याने आपली ओवी घालावी. या मोकळिकीची किंमत कशी चुकवावी लागली, ते येथे पाहायचे आहे.

युनिक्सची, आणि तिच्या मागोमाग लिनक्सची, मूळ शिस्त अशी की प्रत्येक चालता प्रोग्रॅम स्वतःच्या प्रोसेसमध्ये, स्वतःच्या वेगळ्या मेमरीत राहतो. एक प्रोसेस मेली तरी शेजारची जिवंत राहते. एक्स्टेन्शन मात्र पुष्कळदा ही भिंत ओलांडून यजमानाच्याच प्रोसेसमध्ये शिरते. त्यामुळे चूक पाहुण्याची असली तरी मरण यजमानाला येते, आणि बिघाडाच्या नोंदीत नावही यजमानाचेच लागते.

भर घालू देण्याच्या दोन रीती फार पूर्वीच रूढ झाल्या होत्या. रिचर्ड स्टॉलमन यांचे ग्नू ईमॅक्स १९८५ मध्ये बाहेर पडले. हा संपादक बऱ्याच अंशी लिस्प भाषेतच लिहिलेला, आणि वापरणाऱ्यालाही तीच भाषा उपलब्ध. मूळ रचना आणि भर यांत येथे भिंतच नाही. स्पेन्सर किम्बॉल आणि पीटर मॅटिस या बर्कलीतील दोन विद्यार्थ्यांनी १९९६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या गिम्प या चित्रसंपादकाने दुसरी रीत धरली. त्याचे प्लग-इन वेगळ्या प्रोसेसमध्ये चालतात. प्लग-इन कोसळले तरी गिम्प उभे राहते. परंतु आतील अवस्था बिघडली असण्याचा संभव आहे, तेव्हा चित्रे जतन करून पुन्हा सुरुवात करा, असा इशाराही देते. हा इशारा प्रामाणिक आहे. भिंत मरण टाळते. अर्धवट राहिलेले काम मात्र ती निस्तरू शकत नाही.

हा पेच सामान्य वापरकर्त्यापर्यंत पोहोचला तो फायरफॉक्समुळे. नोव्हेंबर २००४ मध्ये या न्याहाळकाची १.० आवृत्ती आली. त्याची एक्स्टेन्शन्स खिडकीचा कोणताही भाग बदलू शकत, आणि हेच त्याच्या लोकप्रियतेचे एक मोठे कारण होते. मंदपणा, मेमरीची गळती आणि अकस्मात कोसळणे हे त्याच गुणाचे दुसरे अंग. सर्व एक्स्टेन्शन्स बाजूला ठेवून न्याहाळक उघडणारा ‘सेफ मोड’ म्हणूनच वापरकर्त्यांच्या तोंडी बसला. २०२१ मध्ये त्याचे नाव ‘ट्रबलशूट मोड’ झाले.

सप्टेंबर २००८ मध्ये आलेल्या क्रोमने न्याहाळकाचे काम अनेक प्रोसेसमध्ये वाटून दिले. फायरफॉक्सने ही वाट ऑगस्ट २०१६ पासून, म्हणजे ४८व्या आवृत्तीपासून, टप्प्याटप्प्याने धरली. जुनी एक्स्टेन्शन्स मात्र सारे एकाच घरात आहे असे गृहीत धरून लिहिलेली होती. १४ नोव्हेंबर २०१७ रोजी ५७वी आवृत्ती आली आणि जुन्या पद्धतीची एक्स्टेन्शन्स तीत चालेनाशी झाली. नवी फक्त नेमून दिलेल्या दारांतूनच आत येऊ शकत होती. न्याहाळक अधिक स्थिर झाला, हे खरे. परंतु स्वयंसेवकांनी वर्षानुवर्षे केलेले पुष्कळ काम त्या दिवशी निरुपयोगी झाले. काहींनी ते पुन्हा लिहिले. काहींना लिहिताच आले नाही, कारण त्यांना हवे असलेले दार नव्या रचनेत नव्हतेच.

एखादे ॲप्लिकेशन पडले तर इतर खिडक्या तरी शाबूत राहतात. सगळा डेस्कटॉप ज्याच्यावर उभा, तेच पडले तर काय, हा पुढचा प्रश्न ग्नोमच्या इतिहासात उभा राहिला. ६ एप्रिल २०११ रोजी ग्नोम ३ आले. त्यातील ‘शेल’ म्हणजे वरची पट्टी, खिडक्यांची मांडणी आणि मेन्यू सांभाळणारा प्रोग्रॅम; त्याचा बराच भाग जावास्क्रिप्टमध्ये आहे. एक्स्टेन्शन त्याच प्रोसेसमध्ये शिरून चालू फंक्शनच्या जागी आपले फंक्शन बसवते. नवी मांडणी ज्यांना रुचली नाही, त्यांना जुन्या सवयीचा डेस्कटॉप या सोयीने बराचसा परत मिळाला, हे तिचे श्रेय नाकारता येत नाही.

एक्स११च्या व्यवस्थेत पडद्याचा कारभार स्वतंत्र सर्व्हर पाही. शेल कोसळले तरी ते पुन्हा सुरू होई आणि उघड्या खिडक्या जागेवर राहत. वेलँडमध्ये शेल हाच सर्व्हर. तो पडला की सगळ्या खिडक्या जातात, आणि जतन न केलेला मजकूरही जातो. उबुंटूने ऑक्टोबर २०१७ च्या १७.१० आवृत्तीत वेलँड हा मूळ पर्याय केला. एप्रिल २०१८ च्या १८.०४ मध्ये पुन्हा जुन्या व्यवस्थेकडे वळले. सांगितलेल्या कारणांत, शेल कोसळल्यावर एक्समध्ये सावरणे सोपे जाते, हेही एक होते. २१.०४ मध्ये, म्हणजे एप्रिल २०२१ मध्ये, वेलँड परतले, आणि ऑक्टोबर २०२५ च्या २५.१० मध्ये ग्नोमचा एक्स११चा पर्यायच उरला नाही. गंमत अशी की, उबुंटूच्या डाव्या कडेचा डॉक हेही एक एक्स्टेन्शनच आहे. मूळ कोणते आणि भर कोणती, ही रेषा वाटते तितकी ठळक नाही.

दोष शोधण्याची रीत मात्र या साऱ्या काळात फारशी बदललेली नाही, आणि ती पाठचिकित्सेच्या जवळची आहे. प्रथम नोंदी वाचाव्यात. तेथे पुष्कळदा एखाद्या सी लायब्ररीचे नाव दिसते, दोषी एक्स्टेन्शनचे नाही. तेवढ्यावरून निवाडा करू नये. मग सगळी भर काढून मूळ संहिता उभी राहते का ते पाहावे. ईमॅक्सला त्यासाठी वेगळा पर्याय आहे, लिब्रेऑफिसला २०१७ च्या ५.३ आवृत्तीपासून ‘सेफ मोड’ मिळाला, आणि ग्नोम ३.३६ पासून, म्हणजे मार्च २०२० पासून, एक्स्टेन्शन्ससाठी स्वतंत्र ॲप आहे. त्यात सगळी एकदम बंद करणारे बटण असते. मूळ संहिता टिकली, तर निम्मी एक्स्टेन्शन्स चालू करावीत, पुन्हा निम्मी. बत्तीसांतून एक दोषी पाच फेऱ्यांत सापडते. दर फेरीला लॉगआउट करून पुन्हा आत यावे, कारण बंद केलेले एक्स्टेन्शन आपल्या खुणा मेमरीत ठेवून जाऊ शकते. दोन एक्स्टेन्शन्स एकत्र असतानाच बिघाड होत असेल, तर निम्म्याचा हा हिशेब फसतो. आठवड्यातून एकदाच कोसळत असेल, तर ‘बरे झाले’ आणि ‘अजून झाले नाही’ यांतला फरक कळायला धीर धरावा लागतो.

सप्टेंबर २०२३ मध्ये ग्नोम ४५ ने कोड आत घेण्याची पद्धत बदलली आणि जुने प्रत्येक एक्स्टेन्शन त्याच्या कर्त्याला पुन्हा हाताळावे लागले. म्हणजे वाद मिटलेला नाही. मूळ रचना बदलणाऱ्याला तिचे आरोग्य दिसते, भर घालणाऱ्याला आपले श्रम दिसतात, आणि वापरणाऱ्याचा लेख मात्र दोघांच्या मध्ये हरवतो. भर घालण्यास बंदी हा यावरचा उपाय आम्हांला मान्य नाही. मात्र घातलेली प्रत्येक ओवी ओळखता यावी आणि मूळ संहितेला धक्का न लावता वगळता यावी, एवढी हमी रचनेत असायलाच हवी. काढून पाहण्याची सोय जेथे नाही, तेथे घालण्याचे स्वातंत्र्यही फार काळ टिकत नाही. फायरफॉक्सच्या इतिहासातून आम्हांला तरी हेच दिसते.